एप्रिल महिन्याच्या शेवया

कडेगावात कृष्णात हवालदार फाट्यावर आला की लोक आपापली घड्याळं जुळवून घ्यायचे. एकवीस वर्षं पलटणीत काढून, त्यातली शेवटची नऊ वर्षं राशनच्या स्टोअरवर, हा गडी पेन्शनीवर घरी आला तो तीन गोष्टी घेऊन: मिशा, काळी ट्रंक आणि शिस्त. मिशा बायकोला पसंत होत्या, ट्रंक माळ्यावर गेली, शिस्तीचं मात्र काय करायचं ते घरात कुणालाच कळेना. म्हशीची धार काढायची वेळसुद्धा त्यानं मिनिटावर ठरवून दिली होती. म्हैस ऐकत नव्हती, एवढंच.

त्याची स्टोअरमधली एक गोष्ट गावाला तोंडपाठ होती. कंत्राटदारानं बिस्किटांच्या डब्यांवरची जुनी तारीख पुसून नवी छापली होती. हवालदारानं ती नखानं खरवडून चोरी पकडली आणि भरला ट्रक बर्फातून माघारी धाडला. सुरुवातीला ट्रक एकच होता. दर वर्षी गोष्ट सांगता सांगता ते तीन झाले. गोष्ट संपली की तो म्हणायचा, "तारीख म्हंजी शब्द. शब्द मोडला, मानूस मोडला."

गावी आल्यावर त्यानं शेवयांचं यंत्र टाकलं. बायको राहीबाई कामाला वाघीण. खपली गहू निवडण्यापासून शेवया उन्हात घालण्यापर्यंत सगळं ती आणि दोन बायका करत. हवालदाराकडं पाकिटं आणि शिक्का. शिक्का त्यानं खास सांगलीहून करवून आणला होता, महिन्याची चकती फिरवता येणारा. तो शिक्का मारताना घरात कुणी बोललेलं त्याला खपायचं नाही.

आता इथं एक सांगायलाच हवं, जे हवालदारानं कुणाला सांगितलं नव्हतं. शेवया व्हायच्या दिवाळीच्या आगेमागे, कारण तेव्हा बायकांना शेतात काम कमी आणि गेल्या साली भरून ठेवलेली खपली घरातच असायची. खपायच्या मात्र उन्हाळ्यात, लग्नसराईत. गिऱ्हाइकाला ताजा माल लागतो. म्हणून हवालदार दिवाळीतच चकती फिरवून एप्रिलवर आणायचा आणि ठोकायचा शिक्का: पॅकिंग एप्रिल. राहीबाईनं पहिल्याच वर्षी हटकलं होतं. तिला उत्तर मिळालं, की लोक घड्याळ पाच मिनिटं पुढं लावतात, त्याला कुणी खोटं म्हणतं का? मग पाकीट पाच महिने पुढं लावलं तर काय बिघडलं? राहीबाईनं कपाळाला हात लावला आणि विषय सोडला.

हे असंच चाललं असतं, पण मधे हन्नाबाई आल्या.

हन्नाबाई झिराडकर म्हणजे दवाखान्यातल्या रिटायर नर्सबाई. मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. बदली होऊन इथं आल्या, नवरा इथंच वारला, आणि मग त्या इथल्याच होऊन गेल्या. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं, हवालदाराची दोन्ही पोरं धरून. शनिवारी त्यांची चूल पेटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी कुणाच्या पोटात दुखायला लागलं तर म्हातारी माणसं म्हणत, बाईंचा वार हाय, जरा दम धर. बाई मात्र पिशवी उचलून निघायच्या. जीव वाचवायला शनिवार आडवा येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा एकुलता एक मुलगा एलियास. शाळेत मास्तरांनी पटावर विलास लिहिलं, आणि गावाला तो विलासच राहिला. अकरा वर्षांपूर्वी तो इस्राएलला गेला, लोद गावी कारखान्यात लागला, आणि तिथं गेल्यावर धर्माच्या बाबतीत भलताच कडक झाला. सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत त्याचं पत्र आलं, की होळीला येतोय. पत्राच्या चार पानांपैकी साडेतीन पानं काय खाणार नाही याची होती.

बाईंची बाकी कशाला तयारी होती. नवं पातेलं घेऊ, दूध नको तर नारळाचा रस काढू, तो तर आमच्यात असतोच. अडलं ते गव्हापाशी. एलियासनं लिहिलं होतं, की गेल्या वल्हांडणानंतर, म्हणजे ज्यूंच्या एप्रिलाच्या सुमाराच्या सणानंतर, पेरलेला गहू यंदाच्या वल्हांडणाचा दुसरा दिवस उलटेपर्यंत तोंडात घालायचा नाही. जुन्या काळी त्या दिवशी यरुशलेमच्या मंदिरात नव्या पिकाची पेंढी देवाला वाहत, आणि ती वाहिल्याशिवाय कुणी नवं खात नसे. मंदिर गेलं, पण दिवस राहिला. यंदा तो दिवस एप्रिलच्या तेवीस तारखेला, आणि एलियास तर मार्चअखेर परत जाणार. म्हणून आई, गहू गेल्या वर्षीचा बघ, आणि पाकिटातलं काही आणलंस तर वरची तारीख बघ.

बाईंनी हे राहीबाईला सांगितलं तेव्हा तिला त्यात नवल वाटलं नाही. आधी देवाला, मग आपल्याला, एवढं तर कुणालाही कळतं, ती म्हणाली. तिनं ते अंबूबाईला सांगितलं. अंबूबाईच्या कानात गेलेलं गावात गेल्यासारखंच. फक्त जाता जाता त्यातला "नाही" कुठंतरी गळून पडला. नर्सबाईंच्या विलासला नवा गहू लागतो, एवढंच शिल्लक राहिलं. आठ दिवसांत बाईंच्या सोप्यात नव्या गव्हाच्या सतरा पिशव्या येऊन बसल्या. कुणी शेतातून थेट आणला, कुणी कुंडलच्या पाहुण्यांकडून मागवला. ज्यांना जन्मताना आपण हातावर घेतलं त्यांना परत कसं पाठवायचं? बाई प्रत्येकाला चहा पाजत होत्या आणि पिशव्यांकडं बघून कळवळत होत्या.

शेवटी त्या हवालदाराकडं आल्या. अकरा वर्षांनी येतोय, त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या खाण्याचे डबे घेऊन येतोय. माझ्या हातचं एक वाटी खाऊन जाऊ दे, मला दुसरं काही नको.  हवालदार खाडकन उभा राहिला. बाई, तुमी घोर लावू नका, तो म्हणाला, माझ्याकडं अस्सल जुन्या खपलीच्या शेवया आहेत, दिवाळीत केलेल्या. त्यानं स्वतः पाच पाकिटं उचलून बाईंच्या घरी पोचवली आणि सलाम ठोकूनच परतला. हवालदाराच्या शब्दापुढं तारीख बघायचं बाईंना सुचलंच नाही. शिक्क्याचं हवालदाराच्याही मनात आलं नाही. चोर स्वतःच्या घरात शिरताना कधी चपला हातात घेतो का?

एलियास आला. दाढी वाढलेली, डोक्यावर टोपी, हातात खरोखरच डब्यांची पेटी. पाच दिवस तो केळी, काकडी आणि डब्यातले मासे यांवर राहिला. बाई त्याच्यासमोर बसून त्याला मासे खाताना बघायच्या आणि घास मोजायच्या. पोरगं घरी आलं होतं आणि घरी आलं नव्हतं. गाव भेटायला येई आणि विचारी, काय खाल्लं विलासनं? बाई म्हणत, होळीला खीर करणार आहे.

होळी रविवारी आली. त्याच दिवशी बाईंच्या लोकांचा पुरीम सण. बाईंच्या माहेरी त्यालाही होळीचाच सण म्हणत. दुपारी बाईंनी नव्या पातेल्यात नारळाच्या रसात गूळ घालून शेवयांची खीर केली. वेलदोड्याचा वास सोप्यापर्यंत आला. सोप्यात हवालदार, राहीबाई, अंबूबाई आणि किराणा दुकानदार भाऊसो बसले होते. भाऊसोच्या दुकानातच हवालदाराच्या शेवया विकायला असायच्या.

एलियास स्वयंपाकघरातून बाहेर आला तो हातात फोडलेलं पाकीट घेऊन.

"काका," तो म्हणाला, "आज मार्चची तेवीस. हा महिना अजून यायचाय."

हवालदारानं पाकीट घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. तारीख कुठूनही बघितली तरी एप्रिलच होती. छपाईची चूक झाली असंल, तो म्हणाला. एलियासनं आत जाऊन उरलेली चार पाकिटंही आणली आणि ओळीनं मांडली. पाचांवरही तीच चूक होती. एप्रिल तर नाहीच, तो म्हणाला, मग पुढच्या महिन्याचा शिक्का मारलेला, म्हणजे पाकीट मार्चचं, नव्या गव्हाचं. हवालदारानं निक्षून सांगितलं, की मार्चच्या न्हाईत, दिवाळीच्या आहेत.

 एलियासलाही खीर नको होती असं नव्हतं. वास त्यालाही येत होता. "काका, मला तुमचा अपमान करायचा नाही," तो म्हणाला. "पण पाकीट एक सांगतं आणि तुम्ही दुसरंच. आणि दोन्ही तुमच्याच हातचं आहे."

दारात हन्नाबाई उभ्या होत्या, हातात वाटी.  त्यांनी वाटी हळूच फळीवर ठेवली.

तेवढ्यात भाऊसोला वाटलं, आपण मदत करावी. परदेशातून आलेल्या माणसाला शिळ्या मालाची धास्ती वाटत असणार, असा त्याचा समज. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, बिनघोर खावा. यंदाच्या नव्या खपलीच्या हायत. मला खुद्द हवालदारांनीच सांगितलंय."

हवालदारानं डोळे मिटले. सांगितलं होतं खरं. गेल्या आठवड्यात, दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर.

आता गप्प बसलं तर दुकान वाचत होतं, मिशा वाचत होत्या, ट्रकसुद्धा वाचत होते. तोटा होता फक्त एका वाटी खिरीचा. त्यानं फळीवरच्या वाटीकडं बघितलं. हन्नाबाईंनी तिच्यावर झाकण ठेवलं होतं. थोरल्या पोराच्या वेळी राहीबाई अडली होती आणि ह्याच बाई रात्रभर जागत बसल्या होत्या, तो तेव्हा सीमेवर होता, हे त्याला आठवलं.

तो उठून उभा राहिला. बसून बोलायची ही गोष्ट नव्हती.

"भाऊसो, गप ऱ्हा. त्या शेवया नव्या न्हाईत. दिवाळीच्या हायत, गेल्या सालच्या खपलीच्या. तुज्या दुकानात हायत त्या बी दिवाळीच्याच. सात वर्सं मी शिक्का फुडं फिरवून मारतोय."

 भाऊसोचं तोंड आधी उघडलं, मग लाल झालं. उद्या सकाळी सगळा माल उचलून न्यायचा, त्यानं बजावलं. त्यानंही लोकांना त्या ताज्या म्हणून विकल्या होत्या, आता तो काय तोंड दाखवणार? उचलतो, हवालदार म्हणाला. राहीबाईनं पदर सावरला आणि सात वर्सं मी ह्येच सांगत हुते, एवढंच म्हणाली. त्यात राग कमी आणि सुटल्यासारखं जास्त होतं.

अंबूबाईला मात्र राहवलं नाही. मग त्यो बिस्किटांचा ट्रक? तिनं विचारलं.

"ट्रक खरा हाय," हवालदार म्हणाला, आणि थोडं थांबून, "पर एकच हुता."

एलियास टोपी सरळ करत विचार करत उभा होता. मग आईकडं वळून म्हणाला, आमच्या जाणत्यांचा एक हिशेब आहे. स्वतःच्या फायद्याचं बोलणाऱ्याच्या शब्दावर दोनदा विचार करावा. पण चार माणसांत, आपल्याच दुकानदारासमोर, आपलंच नाक कापून घेऊन कुणी खोटं बोलत नाही. दिवाळीच्या म्हणतात, तर दिवाळीच्याच.

त्यानं वाटीवरचं झाकण काढलं, पाटावर बसला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. बाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. वाटी रिकामी होईपर्यंत सोप्यात कुणी खोकलंसुद्धा नाही.

एलियासनं वाटी पुढं केली. आल्यापासून त्याचं बोलणं रेडिओवरच्या बातम्यांसारखं होतं. आता तो म्हणाला, "आये, आजून हाय का गं?"

बाईंनी पळी शोधलीच नाही. पातेलंच उचलून त्याच्या वाटीवर तिरकं केलं. हवालदार भिंतीकडं वळला आणि उपरण्यानं मिशा पुसायला लागला, आणि त्याला तर अजून कुणी खीर वाढलीसुद्धा नव्हती.