निळ्या केकवरचं मीठ

टेस्ट ट्यूबमधलं पाणी अगदी स्वच्छ होतं, आणि माल फेल होता. सलग तिसरी बॅच.

"गुप्तेसाहेब, पानी तो साफ है," लतीफशेठ म्हणाले. "मग पावडरमध्ये मीठ येतं कुठून?"

मी टेस्ट ट्यूब पुन्हा उजेडात धरून पाहिली.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची. फिल्टर प्रेस बनवणाऱ्या कंपनीत मी सर्व्हिस इंजिनिअर होतो. मशीन बसवायचं, चालवून दाखवायचं, ऑपरेटरला शिकवायचं, हे माझं काम. लतीफशेठचा कारखाना काल्हेरच्या बाजूला होता. घराणं नारपोलीतलं, पिढीजात लूमवालं, म्हणजे यंत्रमागांचं. भावांशी वाद घालून त्यांनी एका शेडमधले लूम काढले होते आणि छपाईच्या शाईत लागणारी निळी पावडर बनवायला घेतली होती. चौथी बॅचही परत आली, तर शेडमध्ये पुन्हा लूम बसणार होते. तिथल्या आठ माणसांपैकी एकालाही लूम चालवता येत नव्हता.

ही पावडर तयार होते तेव्हा तिच्यात खूप मीठ असतं. ते धुऊन काढलं नाही तर शाई बिघडते. फिल्टर प्रेस म्हणजे उभ्या प्लेट्सची रांग, एकमेकींना घट्ट दाबलेली. प्रत्येक प्लेटवर जाड कापड. पंपाने निळा गाळ आत ढकलायचा. पाणी कापडातून निघून जातं, पावडर मागे राहते आणि तिची जाड वडी बनते. तिला आम्ही केक म्हणतो. मग त्या केकमधून स्वच्छ पाणी सोडायचं. ते मीठ घेऊन बाहेर येतं. त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. पाणी दुधाळ झालं तर मीठ अजून निघतंय. स्वच्छच राहिलं तर धुणं संपलं.

आमचं पाणी तासाभरातच स्वच्छ येत होतं. मी त्यावर खूश होतो, हे आज सांगायला लाज वाटते.

मी प्लेट्सचा क्रम तपासला. कापडं काढून उजेडात धरून पाहिली. पंपाचं प्रेशर पाहिलं. तिसऱ्या बॅचला तर धुण्याची वेळही दुप्पट केली होती. लॅबचा कागद तोच, मीठ जास्त. ऑफिसला फोन केला तर आमचे मॅनेजर म्हणाले, "मॅन्युअलप्रमाणे चालवताय ना? मग प्रॉब्लेम पार्टीच्या मालात आहे." ते मॅन्युअल मीच लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेटर बाळाराम पाटील माझ्यासमोर येऊन उभा राहिला. जवळच्या कशेळी गावचा माणूस, पन्नाशीचा. खाडीकाठी त्याची थोडी खारी जमीन होती. एरवी विचारलं तेवढंच बोलायचा.

"सायेब, जरा भायेर या. काय तरी दाखवाचा हाय."

पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर त्याने केकचे तुकडे ओळीने मांडून ठेवले होते. तिसऱ्या बॅचचे, दुप्पट वेळ धुतलेल्या मालाचे. सकाळपासूनच्या उन्हात ते वाळले होते. मी जवळ जाऊन वाकून पाहिलं.

गडद निळ्या तुकड्यांवर पांढरं मीठ फुललं होतं. बारीक, दंवासारखं. पण सगळीकडे नाही. मधूनमधून निळ्या रेषा कोऱ्या होत्या, नदीच्या फाट्यांसारख्या. त्या रेषांच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागेत मिठाचा कणही नव्हता. जे तीन दिवस मला प्रेसच्या आत दिसत नव्हतं, त्याचा नकाशाच समोर उन्हात पडला होता.

"हे तू का ठेवलंस इथे?"

"आमचे खारीच्या शेतान जमीन वालली का मीठ वर येतं," तो म्हणाला. "म्हनलं, यो पन खारा हाय, याला पन उन्हान ठेवून बगू." मग त्याने एका कोऱ्या रेषेवर नख फिरवलं. "यी भेग हाय. भेगंच्या बाजूला मीठ न्हाय, लांब हाय. पानी भेगंशी पलालं, सायेब. मधी शिरलंच न्हाय."

पाणी स्वच्छ येत होतं, कारण ते केकमधून जातच नव्हतं. भेगांतून आत, भेगांतून बाहेर.

आणि भेगा पाडत होतो मी. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, धुण्याआधी केकमधून दहा मिनिटं हवा सोडा. आधीच्या एका कारखान्यात हवेमुळे काम लवकर व्हायचं. तिथली पावडर रव्यासारखी होती. ही मैद्याहून बारीक. हवा लागली की आक्रसायची आणि तडकायची.

चौथ्या बॅचला आम्ही हवा सोडलीच नाही. केक ओला असतानाच पाणी सुरू केलं, तेही हळू. तासाने मी थेंब टाकला. टेस्ट ट्यूब दुधासारखी पांढरी झाली. दोन तासांनी तशीच. तीन तासांनीही तशीच.

लतीफशेठ अस्वस्थ झाले. "ये तो और बिगड गया, साहेब."

"जाव द्या, शेठ," बाळाराम म्हणाला. "आता खरा निगतंय."

पाचव्या तासाला पाणी स्वच्छ झालं. प्रेस उघडली. केक अखंड होता, एकाही भेगेशिवाय. बाळारामने न सांगता दोन तुकडे उचलले आणि कठड्यावर नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी लॅबचा फोन यायच्या आधीच आम्हाला निकाल कळला होता. तुकडे नुसते निळे होते.

माल पास झाला. शेडमध्ये पुन्हा लूम आले नाहीत.

ऑफिसात येऊन मी मॅन्युअल बदललं. बारीक पावडरला धुण्याआधी हवा देऊ नये, आणि बॅच पास करण्यापूर्वी केकचा एक तुकडा उन्हात वाळवून पाहावा. मॅनेजरनी विचारलं, "याला रेफरन्स काय?" मी लिहिलं, बाळाराम पाटील, ऑपरेटर. त्यांनी नाव खोडलं आणि वाक्य ठेवलं.

त्यानंतर मी बरीच वर्षं प्रेस बसवल्या. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसलं की मला पूर्वी हायसं वाटायचं. नंतर तेव्हाच शंका यायला लागली. पाण्याची टेस्ट पाण्यापुरतीच खरी असते. पावडर धुतली गेली की नाही, हे पावडरच पाहून ठरवावं लागतं.