सोम्याचा सोमवार

ताडकळसात भागम्माच्या खानावळीत जेवून नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. हात सढळ, तोंड मात्र लय तिखट. पानात टाकलेलं तिला खपत नाही. मग समोर फौजदार असो की फुटबॉलवाला.

घानाचा कोजो तिच्याकडं आला तो ऐन उमेदीत. गोल ठोकायला पूर्णेच्या संघानं स्पर्धेसाठी मुद्दाम आणलेला गडी. गुडघा सुजला म्हणून तिच्या माडीवर मुक्कामाला राहिला, तो पुढं काही वर्षं तिथंच रमला. एकदा तेल चोळता चोळता तिनं त्याच्या नावाचा अर्थ विचारला. तिच्या लेकानं, वैभवनं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारून सांगितलं, "त्यांच्यात सोमवारी जन्मलेल्याला कोजो म्हणतेत, माय."

"अग्गं माय! मंग ह्यो तर आपला सोमप्पा!" भागम्मा हरखली. महादेवाच्या वारी जन्मलेलं लेकरू म्हटल्यावर तिनं त्याला दमच भरला, "उपास धर सोमवारचा. गुडघा बरा हुईल."

उपासाचं कोण जाणे, नाव मात्र असं चिकटलं की अख्खं मैदान सोमप्पा म्हणूनच ओरडायचं. भागम्मा तेवढी लाडानं सोम्या म्हणायची.

खेळणं सोडून तो मायदेशी गेला, पण रिक्षांच्या पाठीवरून त्याचा फोटो काही उतरला नाही. यंदा अंतिम सामन्याला तो पाहुणा म्हणून येणार कळल्यावर पार चुडावा-पेडगावाहून माणूस लोटला. भागम्मा मात्र धपाटे थापता थापता म्हणाली, "एवढा मोठा झालेला माणूस. माझी वळख कशी ऱ्हाईल रं त्याला?"

"मंग नको जाऊ," वैभव म्हणाला.

"जिभंला हाड हाय का तुझ्या?" असं म्हणून ती धपाटे फडक्यात बांधून निघाली.

मैदानात दोरीपाशी उभी राहून तिनं हाक मारली, "सोमप्पा!" पण तीच हाक हजार तोंडांतून चाललेली. तिनंच ठेवलेलं नाव, आणि तिच्याच हाकेला कुत्रं विचारीना! किंचित लंगडत, हसत, हात हलवत तो समोरून पुढं निघूनही गेला. मग मात्र भागम्माचं टाळकं फिरलं.

"आरं ए सोम्या! जेवलास का न्हाई?"

तो जागीच थांबला. वळला, दोरी ओलांडून आला आणि दुखरा गुडघा टेकून तिच्या पाया पडला. "न्हाई, माय."

"मंग घे की. धपाटे आणलेत."

त्यानं फडकं हळूच परत तिच्याच हातात दिलं. भागम्माचा चेहरा उतरला.

"आज सोमवार हाय," तो तिच्याच बोलीत म्हणाला. "गुडघा बरा झाला न्हाई, पर तुझा सोमवार म्या सोडला न्हाई. सांजंला तुझ्या घरी उपास सोडतो."

भागम्मानं पदरानं डोळे पुसले आणि वसकन ओरडली, "मंग येळंवर ये. मीबी सकाळधरनं उपाशी हाय."