डब्यांखालची नावं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका भेटीच्या कागदाची चिकटपट्टी नखाने सोडवत बसले होते. शेजारच्या बारशातली परतभेट होती ती, आणि कागद मोरपिशी, अक्का हरखून जाईल असा. भाचा पलीकडून म्हणाला, "मावशी, आई गेली. सकाळी झोपेतच..." मी त्याला काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवून उरलेली पट्टी सोडवली, कागदाची घडी घातली, नांदेडला न्यायच्या पिशवीत टाकली आणि मग रडले.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न करून नांदेडला गेली, मी लातूरला शाळेत शिकवत राहिले. तिच्यासमोर कुणी भेटवस्तूचा कागद टरकन फाडला की तिच्या जिवाला लागायचं. "फाडू नको गं, सोड. कागदानं काय वाकडं केलंय तुझं?" चिकटपट्टीवर गरम तांब्या फिरवून ती कागद अलगद सोडवायची, गादीखाली घालून सपाट करायची. दाजी म्हणायचे, आम्ही लोकांच्या आहेरावर झोपतो. मग त्या कागदांचं काय काय व्हायचं... फडताळाच्या फळ्यांवर ते अंथरले जात, आहेराची पाकिटं होत, महालक्ष्म्यांच्या आरासीला झालर होई. चकचकीत कागदाच्या पट्ट्या उन्हाळ्यात गच्चीवर दोरीला फडफडायच्या, म्हणजे सांडग्यांवर चिमण्या बसत नसत. उरलासुरला तुकडा सैल झाकणाच्या डब्याला घट्ट बसवायला.

माझ्या लेकीच्या लग्नात या हौसेने आमची चांगलीच पंचाईत केली. दुसऱ्या दिवशी भेटी उघडायचं काम अक्काने आपणहून घेतलं. सगळे कागद जपून सोडवले, गुंडाळी करून नांदेडला घेऊन गेली. पाकिटांची नोंद झाली होती, वस्तूंची कुणीच केली नव्हती, आणि देणाऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या कागदांवरच चिकटलेल्या. माझ्या घरात भिंतीवरच्या घड्याळांची रांग आणि लेमन सेटांची चळत, पण कुणी काय दिलं याचा पत्ता नाही. परतीचा आहेर करायचा कसा? चिडून फोन केला तर अक्का शांतपणे म्हणाली, "नावं कुठं पळून चाललीत? माझ्या डब्याखाली हायत की. इचार कवाबी."

तेव्हापासून कुणाकडे लग्न निघालं की मी नांदेडला फोन लावायची. "थांब, डबे उचलून राहिले," असं म्हणून ती फोन फळीवरच ठेवायची. मला डब्यांचा खणखणाट ऐकू यायचा. मग नाव सापडायचं आणि कागदावरच्या जुन्या घड्या बघून ती वस्तूही ओळखायची. "चपटी चौकोनी घडी हाय, घड्याळच असंल." पण तिथे थांबते ती अक्का कसली. कुठल्या डब्यातली डाळ संपत आली, तीळ महाग झालेत का, त्या नाववाल्यांची सून नांदते का, असं करत करत बोलणं वाढायचं. आधी दाजी गेले, नंतर आमचे हे गेले. लेकरं पुण्या-हैदराबादला. दोघींची घरं एकदम गप्प झाली, आणि मग माझे फोन वाढले. खरं तर कितीतरी नावं मला पाठ झाली होती. तरी विचारायची. तिलाही ते कळत असणार, कारण मागच्या वर्षी एकाच नावासाठी मी पुन्हा फोन केला तेव्हा ती नुसतं म्हणाली, "हाव, उचलते."

तेराव्यानंतर भाच्याने स्वयंपाकघर आवरायला घेतलं. घर भाड्याने द्यायचंय. कागद काढून तो कचऱ्याच्या पिशवीत भरायला लागला तेव्हा मी फक्त म्हणाले, "फाडू नको रे, सोड." सगळे लातूरला आणले आणि माझ्या फळ्यांवर अंथरले. नावं वरच्या बाजूला ठेवली, वर डबे. मोरपिशी कागद सगळ्यात वरच्या फळीवर, त्याच्यावर अजून कुठलाच डबा ठेववला नाही. मी तिला "जित्याची खोड" म्हणून चिडवायची. म्हण खोटी ठरली. ती गेली आणि खोड इथे राहिली.

परवा मुरुडहून पत्रिका आली. लेकीच्या लग्नाला आलेल्यांच्याच घरचं लग्न. सवयीने मोबाइल हातात घेतला, अक्काचं नाव काढलं... आणि खाली ठेवला. उठून तुरीच्या डाळीचा डबा उचलला. नाव तिथेच होतं. चपट्या चौकोनी घड्या. घड्याळ.

लगेच सापडलं. पूर्वी याच कामाला अख्खी दुपार लागायची.