तोलेगेनचा तांबडा

तोलेगेनची वहिनी उलजान त्याला कधीच नावाने हाक मारायची नाही. दिराचं नाव तोंडात आणायचं नाही, अशी त्यांच्यात रीत. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिने त्याला ‘मुके भावोजी’ करून टाकलं. ते शोभलंही, कारण हा माणूस माणसांशी चार शब्द बोलला तर घोड्यांशी चाळीस बोलायचा.

अल्ताई डोंगरांतल्या त्या कुरणांवर पोरं घोड्याची रग एका सकाळीत जिरवतात. दोराचा फासा टाकायचा, उडी मारून वर बसायचं आणि जनावर फेसाळून उभ्या उभ्या लटपटेपर्यंत उतरायचं नाही. तोलेगेनला हे कधी पटलं नाही. त्यात त्याने शिकवायला घेतलेल्या या तांबड्या शिंगराची आई लांडग्यांनी खाल्लेली, त्याच्या स्वतःच्या मागच्या पायावर दातांचे वण. माणसाची सावली पडली तरी ते थरथरायचं. पहिला महिनाभर तोलेगेन त्याच्याकडे पाठ करून नुसता बसून राहिला, तळहातावर मीठ घेऊन.

“काका, घोडा शिकवताय की अंडी उबवताय?” पोरं खिजवायची.

“तुमची हाडं मोडली की या, सांगतो,” एवढंच तो म्हणायचा.

महिन्याने शिंगराने मीठ चाटलं. त्या हिवाळ्यात पाठीवर मेंढीचं कातडं आलं, पुढच्या हिवाळ्यात वाळूची पिशवी. घशातून हलकेच ‘हुर्र, हुर्र’ केलं की तांबडा कळपातून धावत यायचा आणि तोलेगेनच्या काखेत तोंड खुपसून उभा राहायचा. दोन वर्षं झाली, तरी तोलेगेन त्याच्यावर बसला नव्हता. शिकवलेल्या घोड्यावर पहिल्यांदा बसायचा मान थोरल्या भावाचा, बेकबोलातचा. हा मान भावाने आजवर कधी सोडला नव्हता.

बेकबोलात एकेकाळचा पट्टीचा स्वार. आता दोन महिने अंथरुणाला खिळलेला, खोकल्यातून रक्त पडायचं.

“दादा, यंदा राहू दे. पडशील.”

“घोड्यावरून पडून मेलो तर सोनं होईल की रे! उशीवर कसलं मरण आलंय?”

तोलेगेनने त्याला उचलून वर बसवलं. भाऊ पोरासारखा हलका लागला. तांबड्याने तंबूला तीन फेऱ्या घातल्या, इतक्या अलगद की वाटीतलं दूध सांडलं नसतं. बेकबोलात कित्येक दिवसांनी हसला. आठव्या दिवशी तो गेला.

माती देऊन परतल्यावर रिसबेक म्हाताऱ्याने, त्यांच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याने, विचारलं, “शेवटचा बसला कुठल्या घोड्यावर?”

 उलजानच म्हणाली, “तांबड्यावर.”

म्हणजे तांबडा मेलेल्याचा झाला. त्याची शेपटी आणि आयाळ कापायची. वर्षभर त्यावर कुणी बसायचं नाही. मुक्काम हलला की मेलेल्याचं खोगीर उलटं ठेवून, त्यावर त्याचा कोट घालून, त्याला पुढे चालवायचं. आणि वर्षश्राद्धाच्या जेवणाला कापायचं, म्हणजे पलीकडे मेलेल्याला बसायला घोडा मिळतो.

“माझे तिन्ही घोडे घ्या,” तोलेगेन म्हणाला.

“मेलेल्याचा घोडा निवडणारा तू कोण रे?” रिसबेक म्हणाला.

शेपटी तोलेगेननेच कापली. दुसऱ्या कुणाला तांबडा जवळ येऊ देत नव्हता.

उन्हाळ्यात कळप वरच्या डोंगरावर गेला, आणि तोलेगेनने दोन वर्षांची मेहनत उलटी करायला घेतली. तांबडा दिसला की दगड मारायचा. पहिला दगड लागला तेव्हा घोड्याने मान वळवून पाहिलं की मारलं कुणी, आणि आसऱ्याला त्याच्याचकडे आला. दुसरा दगड तोलेगेनने वणांच्या पायावरच मारला. मग खडकाआड बसून तो ढसाढसा रडला. उन्हाळा सरेपर्यंत तांबडा त्याला पाहताच पळायला लागला.

वर्ष भरलं. पाहुणे जमले, चुली पेटल्या. सहा स्वार सकाळपासून तांबड्यामागे फासे घेऊन धावत होते आणि तो सापडत नव्हता. आधी लोक हसले, मग कुजबुजायला लागले. तोलेगेन चुलीपाशी लाकडं फोडत होता. त्याला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

उलजान त्याच्याजवळ येऊन बसली.

“मुके भावोजी, तुम्ही दगड मारताना मी पाहिलंय. कुणाला बोलले नाही. वाटलं, वाचत असेल तर वाचू दे बिचारा.” तिने चुलीत एक लाकूड सरकवलं. “पण काल हे स्वप्नात आले होते. बर्फातून पायी चालत होते, खोकत.”

तोलेगेनचाही या सगळ्यावर विश्वास होता. ती शेपटी त्याने उगाच कापली नव्हती.

कुऱ्हाड ठेवून तो माळावर गेला. येऊ नकोस रे बाबा, असं मनात म्हणत त्याने घशातून आवाज काढला. हुर्र, हुर्र.

तांबडा थांबला. अंगावर काटा, कान मागे, एकेक पाऊल टाकत तो येऊ लागला. तोलेगेनचा हात हलला की दचकून मागे सरायचा, आणि पुन्हा यायचा. शेवटी पोचला आणि त्याने काखेत तोंड खुपसलं. मागून रिसबेकची माणसं दोर घेऊन आली.

त्यानंतर तोलेगेन तीस वर्षं जगला. घोडे शिकवणं त्याने सोडलं नाही. मीठ, कातडं, वाळूची पिशवी, सगळं तसंच. पण हाकेला यायला मात्र त्याने एकालाही शिकवलं नाही. लोक कुरकुरायचे, कारण त्याचे घोडे दर वेळी फासा टाकूनच धरावे लागत.