माझ्या हातातला नारळ

आता तुम्ही घरचेच म्हणून सांगते. चहाचा कप मात्र आधी खाली ठेवा, मागच्या वेळी सांगितलं तेव्हा एकीला ठसका लागला होता. माझ्या पहिल्याच नाटकात मी असा काही घोळ घातला, की तसा घालायला घरात दोन पिढ्या नटांच्याच असाव्या लागतात. साध्यासुध्या घरातल्या मुलीला जमणार नाही ते!

माझी आजी म्हणजे माई कुडतरकर. तुम्ही तिला पाहिलं नसेल तर तुमच्या आईला विचारा, ती हातातलं काम टाकून सांगत बसेल. आजीबरोबर गिरगावात भाजी आणायला निघायचं तर आम्ही अर्धा तास जास्तीचा धरतो, कारण कोपऱ्याकोपऱ्यावर कोणीतरी तिच्या पाया पडतं. माझी आई मालिकांमधली सासू. लालबागला मसाला कुटायला गेली, तर डंकावरच्या बाईंनी हात जोडून विनवलं, "सुनेला एवढं छळू नका हो!"

अशा घरात वाढायचं म्हणजे काय, तुम्हाला कल्पना नाही. लहानपणी मी पडले की आजी गुडघा बघायच्या आधी म्हणायची, "सायली, आवाज पोटातून काढ. शेवटच्या रांगेला कळलं पाहिजे लागलंय ते."

म्हणून मी एक शपथ घेतली होती. नाटकात काम करीन, पण आजीचं नाव न घेता. माझं आडनाव बाबांचं, सावंत. परळमध्ये उभं राहून "ओ सावंत" म्हणून हाक मारा, निम्मा रस्ता वळून बघेल. त्यामुळे लपवायला काही कष्ट पडले नाहीत. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की मी कोणाची नात नसते, तर मला कोणी घेतलं असतं का? हसू नका, या एका प्रश्नापायी मला झोप लागत नव्हती.

आणि घेतलं की! एका नव्या नाटकात धाकट्या सुनेचं काम. परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालमी. दिग्दर्शक नार्वेकर सर. भला माणूस, पण कौतुक म्हणून करायचा नाही. मी जीव तोडून रडले तरी सर म्हणणार, "हं." मी पडदा ओढताना खरंच धडपडले, तेव्हाही "हं."

त्यात एक नवी मुलगी दोन दिवसांपासून कोपऱ्यात वही घेऊन बसत होती. मी बोलायला लागले की हिचे ओठ हलायचे. माझेच संवाद, तेही बिनचूक! माझ्या जागी हिलाच आणणार, असं मी मनाशी धरून टाकलं.

शुभारंभाच्या आदल्या दिवशी मी दोन वाक्यं विसरले. चहाची सुट्टी झाली. मी कप घेऊन दाराशी आले, तर आत सर आणि आमचे बॅकस्टेजचे तात्या बोलत होते. तात्या मूळ मालवणचे, जन्म लालबागच्या चाळीत गेलेला.

सर म्हणाले, "ठरलं तर. उद्या सायलीच्या हातात नारळ द्यायचा."

"पोर रडात हां, सर."

"रडू दे. पहिल्या वेळी सगळेच रडतात. आज तिला काही बोलू नका."

संपलं! आता तुम्ही म्हणाल, अगं, नारळाचा काय एकच अर्थ असतो? तुमच्याकडे नसेल. आमच्या घरात नारळ म्हणजे कामावरून काढणं, बस्स. देवळातल्या नारळालासुद्धा आम्ही श्रीफळ म्हणतो, उगाच अपशकुन नको म्हणून. आईला मालिकेतून तीनदा नारळ मिळालाय. एकदा तर जिन्यावरून ढकलून.

मी तशीच घरी आले. आजी वाल सोलत बसली होती.

"तोंड का उतरलंय?"

"काही नाही." थोड्या वेळाने न राहवून विचारलं, "आजी, कोणी आपल्याला काढणार असं कळलं, तर काय करावं गं?"

आजीने मान वर केली नाही. "त्याने काढायच्या आत आपण जावं. आणि जावं तर टाळी घेऊन जावं."

झालं, माझ्या हातात कोलीतच मिळालं! टाळीच्या वाक्यांची मी आरशासमोर तालीम केली. इतकी मन लावून तालीम मी नाटकाची केली असती, तर ती दोन वाक्यं विसरले नसते.

दुसऱ्या दिवशी दादरला नाट्यगृहात चारचा प्रयोग. बाराला सगळ्यांना बोलावलं होतं. मी मुद्दाम उशिरा गेले. रंगमंचावर सगळे गोल करून उभे. निर्माते नव्या कुडत्यात. उदबत्तीचा वास येत होता, मला वाटलं डास झाले असतील. डोक्यात राग असला की माणसाला दुसरं सुचतंय कुठे?

"आली बघा," सर म्हणाले. त्यांनी तबकातून एक भलाथोरला, शेंडीवाला नारळ उचलला आणि माझ्यापुढे धरला. "घे, सायली."

खराखुरा नारळ! अहो, आमच्या घरात इतक्या जणांना काढलं, पण असं नारळ आणून, हळदकुंकू लावून कोणी काढलं नव्हतं! माझा तोल गेला.

"ठेवा तो तुमच्याकडेच!" मी पोटातून आवाज काढला. शेवटच्या रांगेत झाडू मारणाऱ्या मावशी थांबल्या. "तुम्ही काय मला काढणार, मीच जाते! त्या कोपऱ्यातल्या पोरीला उभी करा, तिचं पाठ आहे सगळं!"

"अगं, ती प्रॉम्प्टर आहे," सर म्हणाले.

पण सुटलेली गाडी थांबते का? "माहीत तरी आहे का मी कोण ते? माई कुडतरकरांची नात आहे मी! सख्खी!"

टाळी पडेल म्हणून थांबले. पडली नाही.

तात्या पुढे आले. मला म्हणाले, "गो बाय, तुका कोणी काढल्यान? आमच्यात जेचा पयला नाटक, तेनीच नारळ वाढवूचो. मान असता तो!"

तेव्हा मला पहिल्यांदा तबक दिसलं. निरांजन दिसलं. हार घातलेला नटराज दिसला. आणि भुईत गाडून घ्यावंसं वाटलं.

सर माझ्याकडे बघत राहिले. "तू माईंची नात? आम्हाला खरंच माहीत नव्हतं गं. मी तर निर्मात्यांना सांगत होतो, कुठली कोण पोरगी आहे, मागे कोणी नाही, पण अस्सल आहे. म्हणून घेतली तुला."

ऐकलंत? ज्या एका वाक्यासाठी मी झुरत होते, ते वाक्य! आणि ते मला कधी मिळालं, तर मी स्वतःच्या तोंडाने त्याची माती केल्यावर. मी तिथेच हमसून रडले. पोटातून नाही, नाकातून.

"रडू नको," सरांनी नारळ पुन्हा पुढे केला. "चल, वाढव."

मी डोळे पुसून हात पुढे केला, तर मध्ये निर्माते! "थांबा, थांबा! प्रत्यक्ष माईंची नात आपल्याकडे, आणि माई घरी? छे छे! गिरगावला गाडी पाठवा! नारळ माईंच्याच हस्ते!"

तासाभरात आजी आली. इरकल नेसून, गजरा माळून. सगळी मंडळी रांगेने पाया पडली, झाडू मारणाऱ्या मावशीसुद्धा. माझ्या हातात तबक दिलं. आजीने एका फटक्यात नारळ वाढवला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. नारळाचं पाणी माझ्या अंगावर उडालं.

"मेले," आजी माझ्या कानाशी म्हणाली, "तुझा नारळ होता ना हा? माझ्या हातात कशाला आणून घातलास?" पण माझा हात तिने घट्ट धरून ठेवला होता, तो पडदा उघडेपर्यंत सोडला नाही.

प्रयोग छान झाला. एकही वाक्य विसरले नाही. सर म्हणाले, "हं."

आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो! मी घरभर नाचले. मधोमध आजी, शेजारी तबक घेऊन मी, नाक लाल, केस विस्कटलेले. मग खालची ओळ वाचली: 'ज्येष्ठ अभिनेत्री माई कुडतरकर श्रीफळ वाढवून नाटकाचा शुभारंभ करताना. सोबत त्यांची मदतनीस.'

आता काय बोलणार? मीच शपथ घेतली होती ना, की नात म्हणून मला कोणी ओळखता कामा नये!