खाली गाणं, वर चित्रं

ती सूर्यमाळची होती आणि मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. जव्हारला लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका स्टुडिओत आम्ही दोघी व्हिडिओ एडिटिंग शिकत होतो. स्टुडिओवाल्या सरांनी आधीच सांगून टाकलं होतं, शिकून झालं की कामावर एकीलाच ठेवणार. ते काम मला हवं होतं. माझे वडील शिक्षक, घरी लॅपटॉप, कॉलेजच्या गॅदरिंगचे व्हिडिओ मीच केलेले. तिच्याकडे काय होतं? तडा गेलेला मोबाईल. त्यावर ती येताजाता जीपमध्ये बसून सराव करायची आणि शेजारच्या बायका माना घालून बघत बसायच्या. माझे व्हिडिओ माझ्या आईनेसुद्धा कधी शेवटपर्यंत पाहिले नव्हते.

सर म्हणायचे, "कट दिसता कामा नये." माझा दिसायचा, तिचा दिसायचा नाही. मी तिच्या मागे उभी राहून चुका शोधायचे, आणि सापडली नाही की माझ्या पोटात दुखायचं.

शेवटी सरांनी दोघींना दाभोशाच्या एकाच लग्नाचं झालेलं शूटिंग दिलं. आपापलं एडिट करा, नवरीकडची माणसं बघून ठरवतील, म्हणाले. ते लग्न धवलेरीने लावलं होतं. पाड्यावरच्या लग्नात ही बाई गाणं म्हणते आणि त्या गाण्यानेच लग्न लागतं. गाणं लांबलचक, त्याच ओळी फिरून फिरून येणाऱ्या. तेच ते पुन्हा आलं की कापायचं, हे सरांनीच शिकवलेलं. मी कापलं. पुढे डीजेचं गाणं टाकलं, नवरानवरीला स्लो मोशनमध्ये चालवलं. सरांनी "भारीच" म्हटलं तेव्हा मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं.

नवरीची आई आणि आत्या आल्या. माझा व्हिडिओ आधी लागला. गाणं सुरू झालं तशा दोघी त्याबरोबर गायला लागल्या, आणि माझा कट आला. धवलेरी पुढे निघून गेली, या दोघी मागच्याच ओळीवर राहिल्या. आत्या गायची थांबली आणि सरांना म्हणाली, "गाना मधीच तोडला. ह्यात त लगीन अर्धाच राहला."

मग तिचा. त्यातही कट होते, माझ्यापेक्षा जास्तच. पण सगळे चित्रात. हळद, मांडव, तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहिणाऱ्या बायकांचे हात. एडिटिंगच्या स्क्रीनवर खाली आवाजाची पट्टी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. दोघी शेवटपर्यंत गायल्या. चित्र कापा, आवाज चालू ठेवा, हे मलाही त्याच वर्गात शिकवलं होतं. संताप येतो तो ह्याचाच.

काम तिला मिळालं. तिचे व्हिडिओ आता मोखाड्यापर्यंत फिरतात. मी एकूण एक बघते, चूक शोधत.

येत्या उन्हाळ्यात माझं लग्न आहे. वडिलांनी मला न विचारता त्याच स्टुडिओला ऑर्डर दिली. नाशिकचा माणूस आणा म्हणून मी भांडले. आई म्हणाली, "त्या मुलीसारखं कोण करतंय?"

परवा तिचाच फोन आला. मंगलाष्टकं अख्खी ठेवायची का, विचारत होती. ठेव म्हटलं. मग राहवेना, म्हणून विचारलं, वर चित्रं कुठली टाकणार? ती हसली. "बघू, तू कुठं कुठं रडतेस ते."

बोहल्यावर डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही, हे मी त्याच मिनिटाला ठरवून टाकलं.