अण्णांची निम्मी कथा आणि जळका कनेक्टर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. कोणीतरी मशीन टेबलावर ठेवतो, "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं" म्हणतो, की झाली सुरुवात! कुडाळला मी आणि माझा पार्टनर नंदू दुकान चालवतो. अलीकडचे आमचे निम्मे किस्से एकाच गोष्टीचे आहेत: ग्राफिक्स कार्डाला वीज पुरवणारा तो बोटभर काळा कनेक्टर. कार्ड महागडं, कंपनी जगात एक नंबरची, आणि कनेक्टर वितळतो! हसत सांगतो खरा, पण यातल्या एका किश्शात माझा हात आहे. तो आठवला की घास गोड लागत नाही.

*

पहिला फटका बसला तारकर्लीच्या बाबूला. बाबूचा होमस्टे आहे, आणि पर्यटक नसले की हा गडी दिवसभर गेम खेळतो. एके दिवशी कार्ड पिशवीत घालून आला. पिशवी उघडली आणि नंदूने नाकाला रुमाल लावला. दोन पिना प्लॅस्टिकसकट एकमेकींना चिकटल्या होत्या.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "सर, कनेक्टर बसवताना क्लिक असा आवाज आला होता का?"

बाबू म्हणाला, "मॅडम, माझ्या घरामागे समुद्र आसा. माका बायलेची हाक ऐकाक येना नाय, तुमचो क्लिक खंयसून ऐकू?"

तिने शांतपणे नोंद केली: ग्राहकाने क्लिक ऐकला नाही. क्लेम बाद!

*

पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी कंपनीकडून क्लेमचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: 'बिघाड होण्यापूर्वीचा कनेक्टरचा फोटो जोडा.'

नंदूने तो दोनदा वाचला. "अरे, जळतला ह्या आदीच म्हायत असता तर फोटो कित्याक काढलो असतो? वायरच काढून टाकली असती!"

पण अडला हरी! तेव्हापासून आम्ही बसवलेल्या प्रत्येक कनेक्टरचा फोटो काढून ठेवायला लागलो. नंदूच्या बायकोने एकदा त्याचा मोबाइल चाळला आणि दुकानात येऊन मला म्हणाली, "भावोजी, माझो एक फोटो नाय ह्यांच्याकडे, आणि ह्या काळ्या तोंडाचे चाळीस!"

*

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या कंपनीचं कार्ड घ्या की! आम्हीही तेच म्हणालो. कोल्हापूरचा डीलर म्हणाला, "मिळेल की, पण तुमच्या गिऱ्हाइकाचं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर त्यावर धड चालायचं नाही." सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "सगळे त्याच कंपनीचं कार्ड वापरतात, म्हणून आम्ही त्याच्यासाठीच बनवतो." आणि सगळे तेच का वापरतात? तर सॉफ्टवेअर त्यावरच चालतं म्हणून!

शेवटी नंदूने एकावर डीलर, दुसऱ्यावर सॉफ्टवेअरवाले असे दोन मोबाइल स्पीकरवर टाकून समोरासमोर ठेवले. "आता तुमी दोघा आपापसात काय ता ठरवा. मी चाय पिऊन येतंय." आणि खरंच गेला!

*

ते ॲनिमेशनवालं गिऱ्हाईक म्हणजे पिंगुळीचा दत्ताराम. त्याचे वडील अण्णा चित्रकथीवाले. एकेक चित्र समोर धरायचं आणि त्यावर कथा सांगायची, हे त्यांनी जन्मभर केलं. अण्णांची चित्रांची पोथी वाळवीने खाल्ली होती. दत्तारामने ती सगळी चित्रं कॉम्प्युटरवर पुन्हा काढली, हलती केली, आणि आता त्यावर अण्णांचा आवाज चढवायचा होता. मी त्याला मशीन जुळवून दिलं. कार्ड अर्थातच त्याच कंपनीचं.

मशीन सुरू करायच्या आधी अण्णांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान ही पेटी आणल्यान हा, ती सुखान चलांदे रे म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" काय तो आवाज! समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

निम्मी कथा महिन्याभरात झाली. हलत्या चित्रांकडे बघत अण्णा असे रंगून सांगायचे की दत्ताराम रेकॉर्डिंग थांबवायला विसरायचा. मग एके दुपारी वास आला. कनेक्टर गेला!

*

आता माझा भाग. नंदू आणि मी मूळचे मालवण बंदरातले. होड्यांच्या बॅटऱ्या, दिवे, वायरिंग करतच आम्ही शिकलो. खाऱ्या हवेत तांब्याला हिरवा गंज चढतो, म्हणून तिथे प्रत्येक बॅटरीच्या टोकाला ग्रीस फासतात. ती सवय हाताला इतकी लागलेली, की दत्तारामच्या कनेक्टरलाही मी बोटभर ग्रीस लावलं. त्याचं भलं व्हावं म्हणूनच लावलं हो!

आणि फॉर्मला तो 'बिघाडापूर्वीचा फोटो' जोडून पाठवला, तोही मीच.

दोन महिने कार्ड तपासणीत. आज येईल, उद्या येईल. मग उत्तर आलं: फोटोत बाहेरचा पदार्थ दिसतो, वॉरंटी लागू नाही. सोबत दिलगिरी म्हणून एक नवीन वायर, सुंदर खोक्यात!

दत्तारामने दुकानातूनच फोन लावला. "आम्ही काहीही लावलेलं नाही! तुमचा माल खराब आहे आणि आमच्यावर ढकलता?" फोन ठेवून माझ्याकडे वळला. "तूच सांग रे, आमी काय लावललो?"

मी म्हणालो, "ह्या कंपन्या अशाच." बाबूचं कार्ड काही न लावता जळलं होतं, हे मी मनाशी घोकत होतो. नंदू खाली बघून स्क्रू मोजत बसला. दत्तारामचं कार्ड ग्रीसमुळे जळलं की त्यांच्या चुकीमुळे, हे मला आजही माहीत नाही. पण तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. त्याची मला फार लाज वाटते.

*

मधल्या काळात अण्णांचा घसा बसला. मी दत्तारामला म्हटलं, "अरे, उरलेली कथा मोबाइलवर रेकॉर्ड करून घे." तोही तेच सांगून थकला होता. अण्णा ऐकेनात. "निम्मी कथा हलत्या चित्रांका बघून सांगलंय, आणि उरलली काय भिंतीक बघून सांगू? पेटी चालू कर, मगे बोलतंय!"

पेटी चालू झाली तेव्हा घशाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. दत्तारामने स्वतःच्या पैशाने घेतलेलं नवीन कार्ड मी माझ्या हाताने बसवलं, ग्रीसशिवाय. पडद्यावर चित्रं हलायला लागली. अण्णा बघत बसले. आवाज कायमचा गेला होता.

*

त्या दिवशी मी सगळं सांगायचं ठरवूनच पिंगुळीला गेलो होतो. चहा झाला, आणि मी एकदाचं बोलून टाकलं. "अण्णा, त्या कनेक्टराक ग्रीस मीया लावललंय. दत्तारामाक म्हायत नाय होता."

अण्णांनी कप खाली ठेवला.

तेवढ्यात दत्तारामचा मोबाइल वाजला. कंपनीचाच नंबर! त्याने स्पीकर लावला. माणूस नव्हता, यंत्र होतं. "नमस्कार! आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? बीपनंतर आपलं मत आपल्या आवाजात नोंदवा."

दत्ताराम फोन बंद करणार, इतक्यात अण्णांनी हात पुढे केला. फोन घेतला, मांडी घालून ताठ बसले, समोर बघितलं, आणि तोंड उघडलं. हात हलत होते, भुवया चढत होत्या, ओठ हलत होते. खोलीत फक्त श्वासाचा आवाज. मिनिटभर तरी चाललं असेल.

मग वेळ संपल्याचा बीप वाजला.

"धन्यवाद! आपलं मत नोंदवण्यात आलं आहे."

अण्णांनी मान हलवली आणि फोन माझ्या हातात दिला.